बारा गावचं पाणी प्यायलेला क्वार्टरबॅक

आपल्याकडे एखाद्याला ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ म्हणतात तेव्हा त्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मा संशय. जॉश मॅकाउन नावाच्या माणसाला हे अक्षरशः लागू पडतं, कारण एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, तो बरोब्बर बारा संघांचं पाणी पिऊन आलाय. अ‍ॅरिझोना, डेट्रॉइट, ओकलंड, मायामी, कॅरोलायना, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, टँपा, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क जेट्स, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन. मध्ये २०१० साली तर तो यूएफएल नावाच्या एका छोट्या लीगमध्ये हार्टफर्डकडून खेळला. ती लीग नंतर बंदच पडली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दुसरं काय!

आकडे बघाल तर चारचौघांसारखे. क्वार्टरबॅक म्हणून ७६ सामने सुरू केले, त्यातले २३ जिंकले, ५३ हरले. ९८ टचडाउन पास. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत प्लेऑफचा सामना खेळला तो एकच, तोही चाळिसाव्या वर्षी.

आणि या माणसाला, ज्याने तोवर व्यावसायिक पातळीवर एक दिवसही कोच म्हणून काम केलं नव्हतं, २०२१ मध्ये आणि परत २०२२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने थेट हेड कोचच्या मुलाखतीला बोलावलं. तेव्हा अमेरिकेत जो गदारोळ झाला, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणाचा अपेक्षाभंग व्हायला नको. मॅकाउनसारखी माणसं उत्तम कोच होतात असं मला मनापासून वाटतं. आणि तरीही ह्यूस्टनने जे करायचं चालवलं होतं ते चूक होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, पण वाद घालताना लोक एकच उचलतात.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते जो ठरवतो, तो खेळाडू. दोन चालींच्या मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. कोच हेल्मेटमधल्या रेडिओवरून चालीचं नाव सांगतो. ते नाव म्हणजे मालगाडीसारखी लांबलचक शब्दांची माळ, प्रत्येक शब्दाला अर्थ. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. समोरचा बचाव कसा उभा आहे ते बघायचं, गरज पडली तर चाल बदलायची, दहा जणांना ओरडून सांगायचं आणि चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा. तोवर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात.

आता प्रत्येक संघात असे दोन-तीन क्वार्टरबॅक असतात आणि खेळतो एकच. इतर जागांवर माणसं आलटून पालटून खेळवतात, ही जागा तशी नाही. त्यामुळे बॅकअप क्वार्टरबॅकचं आयुष्य मोठं विचित्र असतं. आठवड्याच्या सरावात जवळजवळ सगळ्या चाली मुख्य क्वार्टरबॅक खेळतो. बॅकअपच्या वाट्याला काय, तर येत्या रविवारच्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकची नक्कल! तो जसा पास टाकतो तसा टाकून दाखवायचा, म्हणजे आपल्या बचावाला सवय होईल. संध्याकाळी फिल्म बघायची. सगळी चोपडी पाठ पाहिजे, कारण उद्या पहिल्याच चालीवर मुख्याचा गुडघा गेला तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. आणि रविवारी? कानात हेडसेट घालून कडेला उभं राहायचं. प्रत्येक चाल ऐकायची, मनातल्या मनात खेळायची, मुख्य खेळाडू बाहेर आला की त्याला थोडक्यात सांगायचं की डावीकडचा माणूस सारखा आत घुसतोय, बघ. ते अशा सुरात सांगायचं की त्याला राग येणार नाही, कारण तुमची नजर त्याच्या जागेवर आहे हे त्यालाही माहीत असतं.

हे सगळं दहा-पंधरा वर्षं केलेला माणूस खेळाडू कमी आणि कोच जास्त झालेला असतो. फक्त पगार खेळाडूचा मिळतो, आणि तोही कधी बंद होईल याचा नेम नाही.

डग पीडरसनचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. मायामीने तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून ठेवून घेतलं. १४ नोव्हेंबर १९९३ ला फिलाडेल्फियात मायामीचा सामना होता. डॅन मरिनो आधीच जायबंदी, त्या दिवशी दुसरा क्वार्टरबॅकही जायबंदी झाला, आणि हा तिसरा मैदानात आला. मायामी १९-१४ ने जिंकली. तो डॉन शुलांचा ३२५ वा विजय, जॉर्ज हॅलस यांचा विक्रम मोडणारा. म्हणजे इतिहासातल्या एवढ्या मोठ्या विजयाच्या वेळी मैदानात होता कोण, तर ज्याचं नाव स्टेडियममधल्या निम्म्या लोकांनी ऐकलं नसेल असा माणूस. नंतर ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्वच्या मागे अनेक वर्षं. फार्व म्हणजे कधीही न बसणारा खेळाडू, त्याच्या मागे बॅकअप असणं म्हणजे हेडसेट लावून उभं राहण्याची पीएचडी. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाने मुख्य म्हणून घेतलं, तेसुद्धा डॉनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत जागा गरम ठेवायला. नऊ सामन्यांत दोन विजय. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांबद्दल ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

खेळ संपल्यावर पीडरसन कुठे गेला? लुइझियानात श्रीव्हपोर्टच्या एका शाळेत, मुलांना फुटबॉल शिकवायला. चार वर्षं. मग २००९ मध्ये अँडी रीडने फिलाडेल्फियात बोलावलं, पण कुठल्या कामावर, तर क्वालिटी कंट्रोल. नाव भारदस्त, काम फिल्म कापायचं, तक्ते भरायचं, रात्री उशिरापर्यंत बसायचं. मग क्वार्टरबॅक कोच, मग कॅन्सस सिटीत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आणि २०१६ मध्ये त्याच फिलाडेल्फियाचा हेड कोच. पायरी पायरीने, एकही पायरी न गाळता.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जायबंदी असल्यामुळे खेळत होता निक फोल्स, जो दोन वर्षांपूर्वी खेळ सोडायच्या विचारात होता. हेड कोच पीडरसन, फार्वचा बॅकअप. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर फ्रँक राइक, बफेलोत जिम केलीचा बॅकअप. हा तोच राइक, ज्याने जानेवारी १९९३ मध्ये केलीच्या जागी खेळताना ३५-३ असा मागे पडलेला सामना ४१-३८ ने जिंकून दिला होता. तर दोन जुने बॅकअप एका चालू बॅकअपला सांगताहेत काय खेळायचं ते, आणि समोर टॉम ब्रेडी! पहिल्या हाफच्या अगदी शेवटी गोललाइनवर चौथी डाउन होती. तीन गुण पदरात पाडून घेणं हा शहाणपणाचा मार्ग. फोल्स कडेला आला आणि त्यानेच एक आचरट चाल सुचवली, ज्यात पास टाकणारा दुसराच आणि झेलणारा क्वार्टरबॅक स्वतः. पीडरसनने क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. टचडाउन! ब्रेडीने त्या सामन्यात ५०५ यार्डांचे पास टाकले आणि तरी फिलाडेल्फिया ४१-३३ ने जिंकली, १९६० नंतरचं पहिलं विजेतेपद.

मला त्यातला तो ‘हो’ फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला आयुष्यभर कडेला उभं राहून ‘मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं’ असं वाटत आलंय, तोच विचारायला आलेल्या खेळाडूचं ऐकतो. स्वतः महान असलेल्या खेळाडूंना हे बहुतेकदा जमत नाही. त्यांना चेंडू आपोआप दिसायचा, तो दुसऱ्याला का दिसत नाही हेच त्यांना कळत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे नवीन नाही म्हणा. सचिन-विनोदची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुजुमदार रणजीत धावांच्या राशी घालूनही भारताकडून एक सामना खेळला नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा कोच तोच होता. पॅड बांधून बसणंही शिक्षणच असतं. असो, तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

तर मॅकाउन.

टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिल नावाच्या छोट्या गावचा. २००२ मध्ये अ‍ॅरिझोनाने तिसऱ्या फेरीत घेतला. २८ डिसेंबर २००३ ला त्याने शेवटच्या क्षणी, चौथी डाउन आणि २५ यार्ड अशा अशक्य स्थितीत टाकलेला पास नेथन पूलने झेलला. अ‍ॅरिझोना १८-१७ ने जिंकली आणि ज्यांचा सीझन त्या एका पासने संपला ते होते मिनेसोटा व्हायकिंग्ज. (हे नाव लक्षात ठेवा.) त्यानंतर गाव बदलत राहिलं. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नारळ दिल्यावर तो घरी आला आणि नॉर्थ कॅरोलायनात एका शाळेच्या संघाला फुकट शिकवायला लागला. नोव्हेंबरमध्ये शिकागोचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि फोन आला. शाळेच्या मैदानावरून थेट एनएफएल. दोन वर्षांनी त्याच शिकागोत, चौतिसाव्या वर्षी, १३ टचडाउन आणि फक्त एक इंटरसेप्शन. लगेच टँपाने मुख्य म्हणून नेलं आणि तिथे अकरा सामन्यांत एक विजय. बॅकअपचं असंच असतं. पाच सामने देव पाठीशी असतो, पुढच्या वर्षी कळतं की तो देव मागच्याच गावी राहिला.

२०१७ मध्ये तो जेट्सकडे आला तेव्हा मी न्यू जर्सीत होतो. जेट्स त्या वर्षी एकही सामना जिंकणार नाहीत असं ऑफिसात पैज लावून सांगणारे लोक होते. ३८ वर्षांचा मॅकाउन आला, पाच सामने जिंकून दिले आणि डिसेंबरमध्ये हात मोडून घेतला. पुढच्या वर्षी जेट्सने ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर २१ वर्षांचा सॅम डार्नल्ड घेतला आणि मॅकाउनला त्याच्या शेजारी बसवलं. म्हणजे पोराला शिकव. स्वतःच्या जागेवर येणाऱ्या पोराला शिकवायचं! आपल्या कचेऱ्यांमध्ये हे सांगितलं तर लोक फाइली लपवतात. हा माणूस शिकवायचा.

२०१९ मध्ये निवृत्त होऊन टीव्हीवर बसला होता, फिलाडेल्फियाने (म्हणजे पीडरसनने) परत बोलावलं. तेव्हाही तो मधूनमधून विमानाने शार्लटला जाऊन मुलांच्या शाळेच्या संघाला शिकवायचा. ५ जानेवारी २०२० ला सिएटलविरुद्धच्या प्लेऑफमध्ये वेंट्झच्या डोक्याला मार लागला आणि चाळीस वर्षांचा मॅकाउन आत गेला. सामना चालू असतानाच त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला. तो तसाच खेळत राहिला. सहा वेळा त्याला पाडलं. फिलाडेल्फिया १७-९ ने हरली आणि तो रडत बाहेर आला. २०२० च्या कोविडच्या वर्षात फिलाडेल्फियाने त्याला टेक्सासमधल्या घरी बसवून पगार दिला, का, तर बाकीचे सगळे क्वार्टरबॅक एकदम आजारी पडले तर एक तरी निरोगी असावा. हसू नका, डेन्व्हरवर त्याच नोव्हेंबरात खरोखर ती वेळ आली आणि त्यांना एका रिसीव्हरला क्वार्टरबॅक म्हणून उभं करावं लागलं. त्याच महिन्यात ह्यूस्टनने मॅकाउनला आपल्याकडे ओढलं.

आणि दोनच महिन्यांत त्याला हेड कोचच्या मुलाखतीला बसवलं.

२०२१ मध्ये ती नोकरी डेव्हिड कलींना मिळाली. अनेक दशकं सहायक म्हणून घासलेला, पासष्टीचा कृष्णवर्णीय कोच. मोडकळीला आलेला संघ त्यांच्या हाती दिला आणि एका वर्षात काढून टाकलं. मग २०२२ च्या जानेवारीत परत मॅकाउन, आणि या वेळी त्याचंच नाव पक्कं होणार अशा बातम्या यायला लागल्या. शेवटच्या यादीत त्याच्यासोबत कोण होता? ब्रायन फ्लोरेस. न्यू इंग्लंडमध्ये २००४ साली खेळाडू हुडकणाऱ्या विभागात अगदी तळाच्या नोकरीवर लागलेला, पंधरा वर्षं तिथे चढत चढत मायामीचा हेड कोच झालेला, तिथे लागोपाठ दोन वर्षं हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेला आणि तरीही नुकताच नोकरीवरून काढलेला. १ फेब्रुवारी २०२२ ला फ्लोरेसने लीगवर आणि काही संघांवर वांशिक भेदभावाचा खटला भरला. त्या दिवशी ३२ संघांमध्ये कृष्णवर्णीय हेड कोच एकच उरला होता, पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. ज्या लीगमधले निम्म्याहून कितीतरी जास्त खेळाडू कृष्णवर्णीय आहेत त्या लीगमध्ये! आणि रूनी नियम, म्हणजे अल्पसंख्याक उमेदवारांची मुलाखत घ्यायलाच हवी हा नियम, २००३ पासून लागू आहे. मुलाखत घ्यायचीच आहे ना, मग घेऊ की! आपल्याकडे जाहिरात निघायच्या आधी माणूस ठरलेला असतो आणि बाकीचे चांगले कपडे घालून येऊन चहा पिऊन जातात, तसं. त्यानंतर आठवडाभरात ह्यूस्टनने तिसऱ्याच माणसाला, लव्ही स्मिथला, नेमलं. मॅकाउन नाही, फ्लोरेसही नाही. स्मिथलाही वर्षभरात घरी पाठवलं.

त्या वेळी मॅकाउनच्या बाजूने बोलणारे म्हणत होते की अनुभव म्हणजे काय नुसती पदं? अठरा वर्षं तो कोचच्या खोल्यांमध्ये बसलाय. डझनभर संघांच्या पद्धती त्याने आतून बघितल्यात. आधी मी स्वतःच जे लिहिलं त्यावरून मलाही हे मान्य करायला हवं. मान्य आहे.

पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा ना. जॉश जॉन्सन नावाचा क्वार्टरबॅक आहे. मॅकाउनचे बारा, तर त्याचे चौदा संघ, हा लीगमधला विक्रम आहे. उद्या त्याने बूट खुंटीला टांगले तर त्याला कुणी थेट हेड कोचच्या मुलाखतीला बोलावेल? तो कृष्णवर्णीय आहे हे वेगळं सांगायला नको. तो जाऊ द्या, तो अजून कोच झालेला नाही. बायरन लेफ्टविच घ्या. २००३ मध्ये ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला, जॅक्सनव्हिलचा मुख्य क्वार्टरबॅक, नंतर बरीच वर्षं बॅकअप. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनात इंटर्न म्हणून सुरुवात. इंटर्न! मग क्वार्टरबॅक कोच, मग कोऑर्डिनेटर, आणि टँपाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३१-९ ने सुपर बोल जिंकला तेव्हा ब्रेडीच्या हल्ल्याच्या चाली हाच सांगत होता. २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलच्या हेड कोचच्या जागेसाठी त्याचं नाव जोरात होतं. ती जागा मिळाली पीडरसनला. पीडरसनची लायकी होतीच, तो सुपर बोल जिंकलेला हेड कोच होता, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण पुढच्या वर्षी टँपाने लेफ्टविचला काढलं, आणि हेड कोचची खुर्ची त्याला एकदाही मिळाली नाही. बॅकअपच्या खुर्चीत बसून माणूस शिकतो असं आपण म्हणत असू तर ती खुर्ची लेफ्टविचलाही शिकवून गेली असणार. एकाला त्या शिक्षणाचं सर्टिफिकेट लगेच मिळतं आणि दुसऱ्याने सुपर बोल आणून दाखवला तरी अर्ज विचाराधीन.

पायऱ्या गाळल्या की काय होतं याचा प्रयोगही लगेच झाला, त्यासाठी मॅकाउनची गरज पडली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडियानापोलिसने भर सीझनमध्ये हेड कोच फ्रँक राइकला, हो, तोच राइक, काढलं आणि जेफ सॅटर्डेला हंगामी हेड कोच केलं. सॅटर्डे त्यांचा जुना आणि खरोखर मोठा खेळाडू, पण कोच म्हणून अनुभव फक्त शाळेतला. पहिला सामना जिंकला, पुढचे सातही हरला. त्यातला एक सामना असा की हाफटाइमला ३३-० ने पुढे, आणि शेवटी ३९-३६ ने पराभव. एनएफएलच्या इतिहासातलं ते सगळ्यात मोठं पुनरागमन. त्याआधीचा ३२ गुणांचा विक्रम कुणाचा होता? राइकचाच, बफेलोतला. म्हणजे ज्याला हाकललं त्याचा विक्रम, त्याच्या जागी बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत मोडला. एखाद्या नाटककाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की फारच ओढूनताणून आहे. आणि तो विक्रम मोडणारा संघ मिनेसोटा, कोच केव्हिन ओकॉनेल. क्वार्टरबॅक म्हणून ओकॉनेलची सगळी कारकीर्द दोन सामने आणि सहा पास.

संघ मालकांचा आहे, पैसे त्यांचे, ते ज्याला हवं त्याला नेमतील, असंही लोक म्हणतात. पण या संघांची स्टेडियमं कितीतरी शहरांत करदात्यांच्या पैशाने उभी आहेत. घरगुती दुकान असल्यासारखी भाषा तिथे शोभत नाही. ह्यूस्टनचं पुढे काय झालं तेही बघा. २०२३ मध्ये त्यांनी डेमिको रायन्सला आणलं. त्यांचाच जुना खेळाडू, पण सॅन फ्रान्सिस्कोत क्वालिटी कंट्रोलपासून सुरुवात करून कोऑर्डिनेटरपर्यंत चढलेला. पहिल्याच वर्षी १०-७ आणि विभागाचं विजेतेपद. म्हणजे आपला जुना माणूस हवा ही हौस आणि पायऱ्या चढलेला माणूस हवा ही अट, दोन्ही एकत्र बसत होतं की!

मॅकाउनबद्दल एक गोष्ट मात्र मला आवडली. ह्यूस्टनचं दार दोनदा बंद झाल्यावर तो गुडघ्याला बाशिंग बांधून पुढच्या हेड कोचच्या खुर्चीची वाट बघत बसला नाही. २०२३ मध्ये राइक कॅरोलायनाचा हेड कोच झाला आणि मॅकाउन त्याच्या हाताखाली क्वार्टरबॅक कोच म्हणून गेला. हाताशी ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, ब्राइस यंग. संघाने त्याच्यासाठी पुढच्या वर्षाचा पहिल्या फेरीचा हक्कही देऊन टाकला होता. आणि सगळं फसलं. अकरा सामन्यांत एक विजय. २७ नोव्हेंबर २०२३ ला राइकची नोकरी गेली आणि त्याच फटक्यात मॅकाउनचीही. कोच म्हणून पहिली नोकरी, अकरा सामने, खलास. आता मला सांगा, हाच माणूस २०२१ मध्ये थेट हेड कोच झाला असता आणि असंच झालं असतं, तर परत त्याला कुणी उभं केलं असतं? सॅटर्डेला त्यानंतर हेड कोचची खुर्ची मिळालेली नाही. खालच्या पायरीवरून पडल्याचा फायदा हा की हाडं मोडत नाहीत.

२०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला क्वार्टरबॅक कोच म्हणून घेतलं. हो, तेच व्हायकिंग्ज, ज्यांचा सीझन त्याने २००३ मध्ये चौथी डाउन-२५ यार्डांवर संपवला होता. हेड कोच ओकॉनेल वयाने त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि गंमत अशी की २०१५ मध्ये क्लीव्हलंडला मॅकाउन खेळत असताना त्याचा क्वार्टरबॅक कोच हाच ओकॉनेल होता. त्या वर्षी बाल्टिमोरविरुद्ध मॅकाउनने ४५७ यार्ड पास टाकून संघाचा विक्रम केला होता. तर नवा क्वार्टरबॅक जेजे मॅकार्थी सीझन सुरू व्हायच्या आधीच गुडघा दुखावून बाहेर गेला आणि खेळायला उभा राहिला कोण? सॅम डार्नल्ड! जेट्सने टाकलेला, कॅरोलायनाने टाकलेला, सॅन फ्रान्सिस्कोत बॅकअप म्हणून बसलेला, ‘फुकट गेलेला ड्राफ्ट’ अशी ख्याती झालेला. २१ वर्षांचा असताना ज्याच्या शेजारी बसून मॅकाउनने आपल्याच जागेचं काम शिकवलं होतं, तोच. त्या वर्षी डार्नल्डने ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन पास टाकले आणि मिनेसोटा १४-३.

श्रेय सगळं मॅकाउनचं नाही. चाली ओकॉनेलच्या होत्या, झेलायला जस्टिन जेफरसनसारखा माणूस होता. शिवाय शेवटचे दोन्ही महत्त्वाचे सामने, डेट्रॉइट आणि मग प्लेऑफमध्ये रॅम्स, डार्नल्ड वाईट खेळून हरला. रॅम्सनी त्याला नऊ वेळा पाडलं. मी फक्त एवढंच म्हणतोय की त्या खोलीत जो माणूस होता त्याला डार्नल्ड हरवल्यावर कसा दिसतो हे सहा वर्षांपूर्वीपासून माहीत होतं, आणि स्वतःला नारळ मिळाल्यावर कसं वाटतं हे तर डझनभर वेळा माहीत होतं.

आणि त्याच मिनेसोटात, त्याच वर्षी, बचावाचा कोऑर्डिनेटर कोण होता माहीत आहे? ब्रायन फ्लोरेस. खटला तेव्हाही कोर्टात चालूच होता. जानेवारी २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या एकाच खुर्चीसाठी शेवटच्या यादीत असलेले दोघे २०२४ मध्ये एकाच संघाच्या कडेला उभे राहून काम करत होते. एकाकडे मायामीतले तीन सीझन हेड कोच म्हणून आणि वीस वर्षांची चाकरी, दुसऱ्याकडे अठरा वर्षांचा हेडसेट. दोघांचा बॉस, सहा पास टाकलेला ओकॉनेल, त्या सीझनचा सर्वोत्कृष्ट कोच ठरला.

दर जानेवारीत एनएफएलमध्ये पाच-सात हेड कोचच्या जागा रिकाम्या होतात आणि मुलाखतींच्या याद्या यायला लागतात. पुढच्या जानेवारीत त्यात मॅकाउनचं नाव आलं तर या वेळी मी खुशाल टाळ्या वाजवीन. फक्त त्याच याद्यांमध्ये फ्लोरेसचं नाव किती वेळा येतं आणि लेफ्टविचचं येतं का, तेही मोजत बसणार आहे.